वॉकीटॉकीवाल्या ताईंना

ताई, नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत आहे, पण इथं लिहीत नाही. तुमच्या टीव्हीवरच्या कॉमेडी कार्यक्रमाचंही नाही. त्या रात्री तुम्ही जे केलं ते कोणाला विचारून केलं असेल असं वाटत नाही, आणि आमच्या कौतुकापायी तुम्हाला कोणी जाब विचारावा हे बरं नाही. वाचलं की ओळखालच. मूर्तिजापूरकडची जोडी: धोतरवाले काका आणि त्यांच्यासोबतचा मी.

परवा आमचं स्किट लागलं. लागलं तेही इतक्या उशिरा की निम्मं गाव झोपलं होतं, आणि सकाळी मात्र अख्ख्या गावानं पाहिल्याचं सांगितलं. पानठेल्यावर काकांना कोणी पैसे काढू दिले नाहीत. छान वाटलं, खोटं कशाला बोलू! पण हे पत्र त्यासाठी नाही.

तुमच्याआधी आम्हाला दुसऱ्या एका कार्यक्रमानं बोलावलं होतं. तिथं सांगण्यात आलं, वऱ्हाडी बोला, पण पुण्याला समजेल अशी बोला. मग दर वाक्याला ‘राजेहो’ लावायला लावलं. आमच्याकडे एवढ्या वेळा राजेहो म्हणणाऱ्याला घरचे लोक दवाखान्यात नेतील. खरं म्हणजे हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे. ‘चला हवा येऊ द्या’ 2014 ला सुरू झालं, वर्षानुवर्षं चाललं आणि भारत गणेशपुरेंची वऱ्हाडी साऱ्या महाराष्ट्रानं ऐकली. ‘हास्यजत्रा’ 2018 ला सुरू झाली, तिथं प्रभाकर मोरे कोकणी ठेक्यात बोलतात आणि इकडे आम्ही अकोला जिल्ह्यात बसून हसतो. टीव्हीचं सोडा, मिर्झा बेगांच्या वऱ्हाडी कवितांसाठी इथली माणसं मंडपात मध्यरात्र करून बसायची. पण त्या साहेबांना कोण सांगणार?

तेही चाललं असतं. खरा घाव वेगळा होता. त्यांनी आम्हाला रिकाम्या खुर्च्यांसमोर उभं केलं. म्हणाले, ‘हशा एडिटला टाकू.’ काकांचा जन्म गणपतीच्या आणि शारदेच्या मंडपात गेला. त्यांचं सगळं गणित समोरच्या माणसावर. हशा चढला की थांबायचं, उतरायला लागला की पुढचं वाक्य टाकायचं, पूर्ण विरायच्या आत. समोर कोणी नाही म्हटल्यावर थांबायचं कुठं? काका धाडधाड बोलत सुटले. वर शेरा मिळाला, ‘काकांना टायमिंग नाही.’ ते स्किट कधी दाखवलंच नाही, आणि नाही दाखवणार हे कळवायचंही कोणाला सुचलं नाही. काकांनी लेकी-जावयांना जेवायला बोलावून टीव्ही लावून ठेवला होता. ती रात्र काकांनी कशी काढली ते मी पाहिलं आहे.

म्हणून तुमच्याकडे आमचा नंबर लागता लागता रात्रीचा एक वाजला आणि बसनं आलेले प्रेक्षक वेळ संपली म्हणून उठून गेले, तेव्हा मी काकांकडे बघायचंच टाळलं. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. हळूच म्हणाले, ‘बावा, अठीबी तेच.’

तुम्ही मागं हातात कागद घेऊन उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. वॉकीटॉकीत काहीतरी पुटपुटल्या आणि तडक जेवणाच्या शेडकडे गेल्या. आल्या त्या वरात घेऊनच! लाइटवाले, स्पॉटदादा, कपडेपटातल्या मावशी, दोन ड्रायव्हर, गेटवरचा वॉचमन. एकाच्या हातात तर ताट तसंच होतं. ते लांब लांब बसायला लागले, तर तुम्ही म्हणालात, ‘पसरू नका, पुढं चिकटून बसा.’ आणि मग जे म्हणालात ते काका अजून घरोघरी सांगतात: ‘हसू नाही आलं तर हसू नका.’

ताई, याच्याइतकी इज्जत आम्हाला कोणी दिली नव्हती. दया करणारा माणूस म्हणाला असता, जरा हसा बिचाऱ्यांसाठी.

सुरुवातीला कोणी हसलंही नाही. दिवसभर राबलेली माणसं ती. मग पीकविम्याची जागा आली. मी विचारतो, ‘किती आले गा विम्याचे?’ काका म्हणतात, ‘अठ्ठ्याहत्तर रुपये.’ ‘मंग आणले का ब्यांकेतून?’ ‘आणाले गेलो तं शंभराचं पेट्रोल लागलं. आता वरचे बावीस सरकारले मागू का तुले?’ वॉचमन फुटला. एकटाच, खुर्चीवर हात आपटत. नंतर कळलं, तो वाशिमकडचा, घरी सोयाबीन. त्याचं हसणं पाहून लाइटवाले हसायला लागले, त्यांच्यामागं मावशी. आणि काका थांबले. बरोब्बर जिथं थांबायचं तिथं थांबले. पुढचं स्किट त्यांनी कसं ओढून नेलं ते तुम्ही पाहिलंच.

तुमच्यासारखी माणसं सगळीकडे असतात म्हणून गाडा चालतो. धावत येणाऱ्या म्हातारीसाठी घंटी न मारणारा एसटीचा कंडक्टर असो, की तालुक्याच्या कचेरीत फॉर्म स्वतःच भरून देणारा एखादा बाबू. यांचा सत्कार कुठं होत नाही. तुमचंही नाव शेवटच्या पाट्यांमध्ये एवढं सरकन गेलं की मला मोबाइलवर तो भाग परत लावून, बोटानं थांबवून काकांना दाखवावं लागलं. काकांना इंग्रजी वाचता येत नाही. तरी चष्मा लावून पाहत बसले.

त्या रात्री आमच्यामुळे तुमचंही जेवण राहिलं हे आम्हाला मागाहून स्पॉटदादांनी सांगितलं. ते उधार आहे. हिवाळ्यात या. अमरावती एक्सप्रेस मूर्तिजापूरला थांबते, स्टेशनावर घ्यायला मी येतो. काकांच्या वावरात गोवऱ्यांवरचे रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. वाशिमच्या भाऊलाही सांगा. तुम्ही मुंबईच्या म्हणून भाजीत तिखट कमी टाकू का, असं मी काकांना विचारलं होतं. ते म्हणाले, ‘काहून? त्याहिनं आपल्यासाठी काई कमी केलं व्हतं का?’

तुमचा,
धोतरवाल्या काकांचा जोडीदार