टँगलवुडच्या हिरवळीवरून

श्रूजबरी, मॅसॅच्युसेट्स
७ जुलै

प्रिय दिग्या,

फोनवर बोलू म्हणालास, पण फोनवर तू ऐकून घेत नाहीस. मध्येच ‘ते जाऊ दे रे’ म्हणतोस आणि विषय बदलतोस. कागदावर तुला मला अडवता येणार नाही, म्हणून लिहायला बसलोय. लांबणार आहे, चहा घेऊन बस.

परवाच्या ४ जुलैला, म्हणजे इथल्या स्वातंत्र्यदिनाच्या रात्री, आम्ही जेम्स टेलरला ऐकून आलो. हो, तोच. हॉस्टेलवर तू कुणाकडून तरी भरून आणलेल्या त्या कॅसेटमधला अमेरिकन गायक, ज्यात दर दुसऱ्या गाण्याला टेप घसरायची. बाकीची पोरं किशोरकुमार लावा म्हणून ओरडायची आणि तू खोलीला आतून कडी लावून बसायचास. माणूस अजून आहे, अजून गातो. १९४८ चा जन्म, म्हणजे पंचाहत्तरी कधीच मागे टाकली. डोक्यावर सपाट टोपी, अंगानं काटकुळा, उंच, आणि चालण्यात थोडा बाक आलाय.

टँगलवुड आमच्या घरापासून दीड-दोन तासांवर, बर्कशायरच्या डोंगरात. बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राचं उन्हाळ्याचं बिऱ्हाड तिथं असतं. मोठ्ठं शेड आहे, पाचेक हजार खुर्च्यांचं, तिन्ही बाजूंनी उघडं, आणि त्यापुढे नजर जाईल तिथवर हिरवळ. खुर्चीची तिकिटं आपल्याला परवडणारी नसतात आणि मिळतही नाहीत. हिरवळीवर सतरंजी टाकायची, डबे उघडायचे, अंधार पडेपर्यंत गप्पा मारायच्या. रमणबागेतल्या सवाईला भारतीय बैठकीत आपण मांडी घालून बसायचो ना, तसंच. फक्त इथं शेजारचा माणूस दाद देत नाही, वाईन ओततो.

त्या शेडची गोष्ट तुला आवडेल. १९३७ च्या ऑगस्टमध्ये तिथं तंबूत वागनरचा कार्यक्रम चालू होता आणि वळवासारखा पाऊस कोसळला. ढगांच्या गडगडाटापुढे ऑर्केस्ट्रा ऐकू येईना, वादन थांबवावं लागलं. समितीच्या गर्ट्रूड रॉबिन्सन स्मिथबाई तिथल्या तिथं उठल्या आणि पक्क्या छपरासाठी लोकांकडे पैसे मागितले. पुढे एलिएल सारिनेन या नामांकित वास्तुरचनाकाराकडून आराखडा करून घेतला, पण तो बजेटमध्ये बसेना. काटछाट करून करून त्यानं शेवटी कळवलं की एवढ्याच पैशांत हवं असेल तर नुसतं शेड होईल, आणि ते बांधायला वास्तुरचनाकार कशाला, कुठलाही मिस्त्री बांधेल. त्यांनी ते मनावर घेतलं! जोसेफ फ्रांझ नावाच्या स्थानिक इंजिनिअरकडून काम पुरं करून घेतलं आणि १९३८ च्या उन्हाळ्यात ते उभं राहिलं. आवाज इतका सुरेख खेळतो तिथं की आपल्या नाट्यगृहवाल्यांना एकदा नेऊन बसवावंसं वाटतं.

आमच्या शेजारी एक म्हातारं जोडपं होतं. घडीचं टेबल, त्यावर इस्त्री केलेला पांढरा टेबलक्लॉथ, चांदीचा मेणबत्तीदान, आणि बाई मोत्यांच्या माळेत. हिनं तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लिंबाचं गोड लोणचं काढलं. आजोबांची नजर डब्यावरून हलेना, म्हणून हिनं डबा पुढे केला. त्यांनी पुरीवर त्यांचं ते मऊ चीज थापलं, वर लोणच्याची फोड ठेवली आणि डोळे मिटले. नंतर चार पुऱ्या गेल्या. पुऱ्यांची कृती वहिनींची आहे, तेव्हा हे श्रेय त्यांच्याकडे पोचतं कर. टेलर इथं १९७४ पासून गातोय आणि आजीबाई जवळपास तेव्हापासून येतायत. त्या पूर्वी नवऱ्याबरोबर भांडून यायच्या, कारण नवऱ्याला मोझार्ट हवा असायचा.

आठ वाजता गाणं सुरू झालं. अजून उजेड होता. आणि तुला खरं सांगतो, पहिली दोन गाणी मी धास्तावून ऐकली. आवाज कॅसेटमधला नाही राहिला. वरच्या सुरांना पूर्वी ती जी हवेसारखी सुटून जाण्याची जागा होती, ती आता नाही. खालच्या सुरांत थोडा खर आलाय. एका ठिकाणी तर ओळीचा शेवट त्यानं चक्क सोडून दिला आणि मागच्या गायकांनी उचलला. त्यांत त्याचा मुलगाही आहे, हेन्री. मला वाटलं, झालं, आता दोन तास आपण आठवणींवर टाळ्या वाजवणार.

तिसऱ्या गाण्याच्या आसपास मी ऐकायची पद्धत बदलली. म्हणजे मुद्दाम नाही, बोटांकडे लक्ष गेलं म्हणून. पडद्यावर त्याचा उजवा हात मोठा करून दाखवत होते. अंगठा खाली खर्जाची वाट चालतोय, स्वतःच्या लयीत, आणि बाकीची बोटं वर त्याच्याशी हुज्जत घालतायत. त्याच्या गिटारी मिनेसोटातल्या जेम्स ओल्सन नावाच्या कारागिराच्या हातच्या. नखांवर तो फायबरग्लास आणि गोंदाचे थर चढवतो, तुटू नयेत म्हणून. त्यानं इंटरनेटवर फुकट धडे टाकलेत, त्यांतल्या एकात नखांची ही सगळी मरम्मत बैजवार दाखवलीय.

आणि आता तुझ्या खास कामाची गोष्ट. त्याच धड्यांमध्ये तो गिटार कशी लावतो ते सांगतो. सूर तपासायचं यंत्र ‘सुरात’ म्हणतं तिथं तो तारा लावतच नाही. सगळ्या किंचित उतरवतो. खर्जाची तार १२ सेंटनी, तिच्या वरची १०, मग ८, ४, ६ आणि सगळ्यात बारीक तार ३ सेंटनी. अख्खा अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट, त्यावरून फरक किती बारीक ते बघ. कारण असं की तार छेडली की पहिल्या क्षणी ती चढी बोलते, जाड तार जास्तच. शिवाय तो गिटारच्या मानेवर केपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावून गातो, त्या दाबानंही सूर चढतो. मग ते चढणं आधीच हिशेबात धरून ठेवायचं. यंत्रावर तार बेसूर दिसते आणि गाण्यात नेमकी बसते. तुमच्या मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जवारी काढणारे हात बघत लहानाचा मोठा झालेला तू, तुला मी आणखी काय समजावणार. घोडीवर कानशीच्या एका फिरवण्यानं तंबोरा बोलका होतो, हे मला तूच दाखवलं होतंस.

मध्यंतरात हिला सतरंजीवर बसवून मी शेडच्या कडेपर्यंत चालत गेलो. बँड आत गेला होता, हा गेला नव्हता. स्टेजच्या काठावर बसून वाकून सह्या करत होता. कुणी जुनी रेकॉर्ड पुढे करतंय, कुणी पोराला उंच धरतंय. एकेकाशी दोन शब्द बोलत, घाई नाही, वैताग नाही. वीसेक मिनिटं तो तिथंच होता आणि मग तसाच गिटार उचलून दुसरा भाग सुरू केला. आपल्याकडचे ग्रीनरूमचे दरवाजे आठवले.

सगळंच आवडलं असं नाही. ब्लूजची टर उडवायला लिहिलेलं त्याचं एक जुनं गाणं आहे. त्यात तो वेडेवाकडे चेहरे करतो, पाय आपटतो; लोक खूष, मला ते फार लांबलं. कॅरोल किंगनं लिहिलेलं ते मैत्रीचं गाणं तर अख्ख्या हिरवळीनंच गायलं. हे आपल्याला जन्मभर रोज रात्री गावं लागणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती, असं तो त्याबद्दल थट्टेनं सांगत असतो. ‘स्वीट बेबी जेम्स’मध्ये स्टॉकब्रिजहून बॉस्टनला जाणाऱ्या बर्फानं झाकलेल्या हमरस्त्याची ओळ येते. दुपारी आम्ही त्याच रस्त्यानं आलो होतो. ती ओळ आली आणि जुलैच्या उकाड्यात, डास मारत बसलेल्या हजारो लोकांनी त्या बर्फासाठी आरोळी ठोकली. भाच्यासाठी लिहिलेलं अंगाईगीत आहे ते, मूळचं.

पण मला लिहायचंय ते ‘फायर अँड रेन’बद्दल.

तेव्हा आपल्याला इंग्रजी शब्द निम्मेच कळायचे, त्यामागची हकिगत तर मुळीच माहीत नव्हती. हा डॉक्टर बापाचा मुलगा, सतराव्या वर्षीच नैराश्यानं मॅक्लीन या मनोरुग्णालयात. तिथून न्यूयॉर्क, बँड, हेरॉइन. बाप गाडी घेऊन आला आणि त्याला घरी घेऊन गेला. मग लंडन, बीटल्सच्या ॲपल कंपनीतर्फे पहिला अल्बम. त्याच काळात एका मैत्रिणीनं आत्महत्या केली आणि याचं रेकॉर्डिंग बिघडू नये म्हणून दोस्तांनी काही महिने त्याला कळवलंच नाही. पहिलं कडवं तिचं. दुसरं व्यसनाशी चाललेल्या झटापटीचं. तिसरं त्यानं लिहिलं स्टॉकब्रिजच्या ऑस्टिन रिग्ज या उपचारकेंद्रात असताना. दिग्या, ते स्टॉकब्रिज आमच्या सतरंजीपासून गाडीनं दहा-पंधरा मिनिटांवर आहे! वीस वर्षांचा पोरगा तिथं खोलीत बसून हे लिहीत होता, आणि व्यसन तर त्यानंतरही सुटलं नाही, ऐंशीच्या दशकात कुठे सुटलं.

आता हे गाणं पंचाहत्तरी उलटलेल्या माणसानं गायचं कसं? रडवेलं करून गाता येतं, लोक रडतीलही. वीस वर्षांच्या गळ्याची नक्कल करता येते. त्यानं दोन्ही केलं नाही. आपल्याकडे शब्द गदिमांचे, चाल बाबूजींची अशी वाटणी असते. याचं शब्द, चाल, गळा सगळं एकाच माणसाचं, त्यामुळे लपायला जागाच नाही. त्यानं प्रस्तावना केली नाही, लय रेंगाळू दिली नाही. वरच्या जागेवर गळा पोचणार नव्हता तिथं तो पोचण्याचा आव न आणता शब्दावर थांबला, सरळ बोलल्यासारखा, आणि गिटारच्या खर्जानं ती जागा भरून काढली. सूर कमी झाला होता, पण अर्थ कमी झाला नव्हता. मोत्यांच्या माळेतल्या आजी ओठ हलवत होत्या, आवाज न काढता. मी कॅसेटमध्ये हे गाणं अनंत वेळा ऐकलंय. ते तरुण गाणं चांगलंच होतं. हे मला जास्त पटलं.

आता मूळ मुद्द्यावर येतो. वहिनींनी हिला सांगितलं. गणपतीच्या कार्यक्रमाला यंदा नाही म्हणालास म्हणे. गेल्या वर्षी त्या एका भावगीतात तार षड्जावर आवाज फाटला, पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं, आणि घरी येऊन पेटीला खोळ घातलीस ती अजून काढली नाहीस. ‘लोकांना माझा पूर्वीचा आवाज लक्षात राहू दे’ असं काहीतरी भारदस्त बोललास. तुला झेपेल का नाही हे मी इथून ठरवू शकत नाही, पण ते भारदस्त वाक्य मला मान्य नाही. लोकांच्या लक्षात बिक्षात काही राहत नाही रे. मिरजेत कोण तुझ्या १९८८ च्या आवाजाची आठवण जपून बसलंय? माझ्याशिवाय.

आणि तू अजून काळी दोनच्या पट्टीतच गातोस, हेही कळलं. साठीच्या माणसाला काळी दोनचा हट्ट कशाला? आपण कॉलेजात होतो तेव्हा तिथं गायचास, म्हणून? पांढरी एकवर ये. तीन पायऱ्या उतरलास तर कुणी पोलिसात देणार नाही. तिथूनही वरची जागा जमली नाही तर सोडून दे, पेटीला वाजवू दे. या टेलरचा अल्बम अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत पहिल्यांदा पहिला आला तो २०१५ मध्ये, वयाच्या ६७ व्या वर्षी. तुला यादीत यायचं नाहीये, ब्राह्मणपुरीतल्या मंडपात यायचंय.

चिडलास ना? चीड.

कार्यक्रमानंतर तळ्यावर आतषबाजी झाली, ती नेहमीसारखीच होती. गाड्या मुंगीच्या पावलांनी निघाल्या, घरी पोचेपर्यंत दोन वाजले. चिरंजीव मागच्या सीटवर म्हणाले, ‘बाबा, एवढ्या जुन्या माणसासाठी लोक एवढे वेडे कसे?’ आणि दोन मिनिटांत घोरायला लागले.

आम्ही डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात येतोय. पुण्यात दोन दिवस, मग थेट तुझ्याकडे. गच्चीवर बसू, वहिनींना म्हणावं भडंग करून ठेवा. मला शब्द आठवत नाहीत, ठेका धरता येतो, हे तुला माहीतच आहे. कोणती गाणी ते तू ठरव. पट्टी मी ठरवणार.

तुझा,
बाळ्या

ता. क. धड्यांच्या व्हिडिओची लिंक व्हॉट्सॲपवर टाकतो. नखांचा भाग आधी बघू नकोस, गिटार लावायचा बघ.