विषय: स्नॉर्कल मास्कची सदोष झडप आणि त्यावर मिळालेला 'श्वास कमी घ्या' हा सल्ला

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

काल सायंकाळी तुमच्या ग्राहक सेवा केंद्राशी माझे पाचव्यांदा बोलणे झाले. ३९ मिनिटे चाललेल्या त्या संभाषणाचे फलित एवढेच, की माझी तक्रार 'काचेवर वाफ धरणे' या सदराखाली निकाली काढण्यात आली आणि वाफरोधक फवाऱ्याची एक बाटली मला विनामूल्य पाठवली जात असल्याचे सांगण्यात आले. ही तिसरी बाटली. पहिल्या दोन बाटल्यांचे सील मी फोडलेले नाही, कारण माझी तक्रार काचेविषयी नव्हती. पूर्ण चेहरा झाकणारा तुमचा मास्क लावून पाण्यात असताना मला श्वास पुरत नव्हता, ही माझी तक्रार होती आणि आजही तीच आहे. वाफ आणि श्वास या दोहोंचे मूळ एकच आहे, हे तुमच्या रचनाकारांना माहीत असणारच. ग्राहक सेवा विभागाला ते कोणी सांगितलेले दिसत नाही, म्हणून हे पत्र थेट व्यवस्थापनाला लिहीत आहे.

तुमच्याच मास्कची रचना तुम्हाला समजावून सांगणे मला शोभणार नाही, तरी पुढचे सारे तिच्यावरच अवलंबून असल्याने तेवढी उजळणी करते. टोक पाण्याबाहेर राहणाऱ्या नळीच्या (स्नॉर्कलच्या) एका मार्गाने ताजी हवा खाली येते, काचेमागच्या मोकळ्या जागेतून, म्हणजे डोळ्यांसमोरून, फिरते आणि नाकतोंडावर बसणाऱ्या सिलिकॉनच्या वाटीत दोन लहान एकमार्गी झडपांमधून शिरते. उच्छ्वासाच्या वेळी या झडपा मिटतात आणि वापरलेली हवा वाटीतून निघून चौकटीच्या कडेकडेने, वेगळ्या मार्गाने वर नळीत जाते. काच स्वच्छ राहते ती याच व्यवस्थेमुळे. झडप नीट मिटली नाही, किंवा वाटीची कड चेहऱ्याला धरून बसली नाही, तर उच्छ्वासाची दमट हवा उलटी काचेमागे शिरते, तिथे वाफ धरते आणि पुढच्या श्वासाला नेमकी तीच हवा पुन्हा आत ओढली जाते. साध्या हवेत कार्बन डायऑक्साइड सुमारे ०.०४ टक्के असतो. उच्छ्वासात तो ४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे शंभरपट असतो. थंड पाण्यात कोणत्याही काचेवर थोडीफार वाफ धरते, हे मला मान्य आहे. पण नव्याकोऱ्या मास्कची एकच बाजू दर वेळी पांढरी होत असेल, तर आत शिळी हवा फिरत असल्याची ती वर्दी असते आणि त्या वर्दीवर तुम्ही फवारा मारायला सांगत आहात. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी!

घडले ते असे. समुद्र शांत होता, मी किनाऱ्यापासून फार तर साठ-सत्तर मीटर आत होते आणि पोहणे मला नवे नाही. पहिली दहा मिनिटे काही जाणवले नाही. मग काचेचा डावा अर्धा भाग पांढुरका झाला. उजव्या बाजूने मासे स्वच्छ दिसत होते, म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केले. परतताना थोडा उलटा प्रवाह लागला, हातपाय जोरात मारावे लागले आणि श्वास भराभर होऊ लागला. कितीही श्वास घेतला तरी तो अपुराच वाटत होता. डोके जड झाले, कपाळ ठणकू लागले, छातीत धडधड वाढली. अशात एक लहानशी लाट नळीच्या टोकावरून गेली. नळीत पाणी शिरू नये म्हणून तिथे बसवलेल्या तरंगत्या गोळ्याने आपले काम चोख केले, म्हणजे वाट बंद केली, आणि ऐन घाईच्या श्वासाला हवाच आली नाही. लाट ओसरली तरी गोळा क्षणभर तिथेच अडकून राहिला. साध्या स्नॉर्कलमध्ये अशा वेळी तोंडातली नळी थुंकून टाकता येते. इथे सारा चेहराच कुलूपबंद असतो. मी मास्क वरून खाली ओढू लागले, तर तो पट्ट्यांमुळे जागचा हलेना. शेवटी हनुवटीखाली बोटे घालून वर उचलला तेव्हा कुठे सुटला, आणि तोवर नाकातोंडात पाणी जायचे ते गेले होते. बहीण शेजारीच पोहत होती, म्हणून हे पत्र मी स्वतः लिहीत आहे.

दुसऱ्या दिवशी विजेरीच्या उजेडात मी मास्क तपासला. डाव्या झडपेची पाकळी जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढी आहे आणि फुग्याच्या रबराइतकी पातळ. तिची खालची कड वर वळलेली होती, कारण झडपेच्या बैठकीवर साच्यातून निघताना राहून गेलेला सिलिकॉनचा एक बारीक तंतू तसाच होता. पाकळी त्याच्यावर टेकत होती, बैठकीवर नव्हे. विजेरी मागे धरली की तिथून नखाच्या कोरीएवढा उजेड पलीकडे येत होता. उजवीकडून अजिबात येत नव्हता. मग कोरड्या खोलीत, आरशासमोर मास्क लावून शांतपणे श्वास घेतला. चौथ्या उच्छ्वासाला काच डावीकडून धूसर झाली. डाव्या झडपेवर चिकटपट्टी लावून तोच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा दहा मिनिटांनंतरही काच स्वच्छ होती. या दोन्ही प्रयोगांचे चित्रण मी तुम्हाला पाठवले आहे. ते पोहोचल्याची पोच माझ्याकडे आहे. ते कोणी पाहिल्याचा पुरावा मात्र अद्याप मिळालेला नाही.

आता कालच्या संभाषणाकडे येते. ते जसेच्या तसे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण तुमच्या नोंदीत त्याचे वर्णन 'ग्राहकाला योग्य मार्गदर्शन केले' असे झाले असण्याची दाट शक्यता आहे.

सुरुवातीला प्रतिनिधीने तक्रार क्रमांक विचारला. मला आजवर तीन वेगवेगळे क्रमांक देण्यात आले असल्याने मी तिन्ही सांगितले. त्यांपैकी एकही सापडला नाही, तेव्हा चौथा देण्यात आला. मी सारी हकिकत पहिल्यापासून सांगितली. मग समोरच्या प्रश्नावलीतून पहिला प्रश्न आला: "मॅडम, तुम्हाला दाढी आहे का?" दाढीमुळे मास्कची कड चेहऱ्यावर नीट बसत नाही, हे मला ठाऊक आहे आणि प्रश्नावलीत तो प्रश्न असणे रास्तच आहे. 'मॅडम' म्हटल्यानंतर तो विचारणे रास्त आहे का, याचा विचार तुम्ही करावा. दुसरा प्रश्न, मास्क पाण्याबाहेर लावून पाहिला का? पाहिला, त्याचे चित्रण पाठवले आहे, असे मी म्हणाले. त्यावर उत्तर आले: "पण मॅडम, वॉरंटी पाण्यातल्या वापरासाठीच आहे. तुम्ही पाण्याबाहेर का वापरलात?" मी विचारले, मग दोष दाखवायचा कसा? तर पाण्यात असताना, मास्कच्या आतल्या बाजूने, काचेचे चित्रण करून पाठवावे, असे मला सुचवण्यात आले. माझ्या नाकाच्या आणि काचेच्या मध्ये कॅमेरा कसा धरायचा, हे प्रश्नावलीत दिलेले नव्हते.

यानंतरचे वाक्य मी कागदावर लिहून ठेवले आहे. "मॅडम, तुम्ही श्वास जरा जास्त घेता का?"

कशापेक्षा जास्त, असे मी विचारले. पाच-सहा सेकंद शांततेत गेले. "नॉर्मलपेक्षा," असे उत्तर आले. पोहताना माणसाचा श्वास वाढतो, हे तुमच्या मास्कला अनपेक्षित आहे काय, असे मी शक्य तितक्या सभ्यपणे विचारले. त्यावर मला सांगण्यात आले, की मास्कमध्ये 'नॅचरल ब्रीदिंग'ची सोय आहे, तेव्हा मी श्वास नॅचरल घेतला, थोडा कमी घेतला, की त्रास होणार नाही. प्रौढ माणूस बसल्या जागी एका श्वासाला साधारण अर्धा लिटर हवा आत घेतो आणि त्यांपैकी सुमारे १५० मिलिलिटर हवा श्वासनलिकेतच राहून जाते, फुप्फुसांच्या उपयोगी पडत नाही. मास्कची वाटी या निरुपयोगी जागेत भर घालते. झडप गळकी असली की काचेमागची सारी जागा त्यात जमा होते. अशा वेळी श्वास कमी आणि उथळ घेतला, तर त्यातला ताज्या हवेचा वाटा आणखी घटतो. तुमच्या केंद्रातून दिला जाणारा हा सल्ला नुसता निरुपयोगी नाही, तर धोकादायक आहे, आणि तो मला अत्यंत गोड आवाजात देण्यात आला.

मी वरिष्ठांना फोन द्यावा असे सांगितले. अकरा मिनिटे संगीत ऐकल्यावर वरिष्ठ आले. त्यांचे म्हणणे असे, की कोविडच्या साथीच्या काळात असेच मास्क रुग्णालयांसाठी वापरण्यात आले, तेव्हा त्यांत श्वासाचा प्रश्न असूच शकत नाही. हा युक्तिवाद तुमच्या प्रशिक्षण पुस्तिकेतून आला असेल, तर तो आजच काढून टाकावा. २०२० च्या मार्चमध्ये इटलीतील ब्रेशा येथील अभियंत्यांनी असा मास्क रुग्णांना वापरता यावा म्हणून थ्री-डी मुद्रित जोड तयार केला, हे खरे आहे. परंतु तिथे नळी काढून तिच्या जागी तो जोड बसवला, त्याला प्राणवायूचा पुरवठा लावला आणि उच्छ्वासाला स्वतंत्र वाट दिली. माझ्या मास्कला पुरवठा एका लाटेखालच्या नळीचा होता. रुग्णालयांच्या पुण्याईवर तुमची गळकी झडप खपवू नका.

आता माझी बाजू, म्हणजे पुढच्या फोनवर हेच प्रश्न पुन्हा नकोत. नाकाच्या मुळापासून हनुवटीपर्यंतचे अंतर मोजून, तुमच्या तक्त्यानुसारच मी आकार निवडला होता. केसाची एकही बट कडेखाली नव्हती. पट्टे जरुरीपुरतेच आवळले होते, कारण अती आवळले की सिलिकॉनची कड वाकते आणि पाणी दुसरीकडून आत येते, हे मला ठाऊक आहे. पहिल्या वापराआधीही मी मास्क गोड्या पाण्याने धुतला होता आणि सावलीत वाळवला होता. हनुवटीजवळच्या पाणी काढण्याच्या झडपेत वाळूचा कणही नव्हता. तुमच्या दुसऱ्या फोनवर मला काच टूथपेस्टने घासण्यास सांगण्यात आले होते. काचेच्या जुन्या मास्कना ते चालते, तुमची 'काच' पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची आहे, तिच्यावर त्याने ओरखडे पडले असते आणि मग वॉरंटी त्या ओरखड्यांवरून नाकारली गेली असती.

याउलट तुमच्या पुस्तिकेत काय आहे? खोक्यावर 'वाफमुक्त' आणि 'सहज श्वास' हे शब्द मोठ्या अक्षरांत आहेत. आत मात्र या विषयाला एकच ओळ दिली आहे: वाफ धरल्यास फवारा वापरावा. वाफ धरल्यास पाण्याबाहेर येऊन झडपा तपासाव्यात, असे कुठेही नाही. डोके जड झाले, धाप लागली तर ताबडतोब मास्क काढावा, असेही नाही. तो हनुवटीकडून वर उचलून काढायचा असतो आणि पाण्यात उतरण्यापूर्वी किनाऱ्यावर दोन-चारदा त्याची सवय करायची असते, हे मी नाकातोंडात पाणी गेल्यावर शिकले. बुडी मारू नये, ही सूचना आहे खरी. पण नाक चिमटीत धरता येत नसल्याने कानांवरचा दाब उतरवता येत नाही, हे कारण दिलेले नाही. कारण न दिलेली सूचना कोण पाळतो? आणि मी पुन्हा लिहिते: मला फवारा नको आहे.

गेली नऊ वर्षे मी तुमच्याच कंपनीचे पायात घालायचे पोहण्याचे पंख आणि चष्मे वापरत आले आहे. त्यांत कधी खोट निघाली नाही, म्हणूनच किंमत न पाहता एकाच वेळी दोन मास्क घेतले. दुसरा, लहान आकाराचा, माझ्या नऊ वर्षांच्या भाचीसाठी. लहान मुलाचा श्वास मोठ्या माणसाहून कितीतरी कमी हवेचा असतो. वाटी आणि झडपेत इतकीच चूक तिथे असती तर काय झाले असते, हा विचार मला काल फोनवरचे संगीत ऐकताना सुचला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. त्या मास्कचे खोके मी उघडलेले नाही आणि उघडणारही नाही.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत. दोन्ही मास्कची पूर्ण रक्कम परत करावी; बदली मास्क मी स्वीकारणार नाही. माझ्या मास्कच्या बॅचमधील झडपा तपासून निष्कर्ष मला लेखी कळवावा. पुस्तिकेतील फवाऱ्याची ओळ काढून तिथे झडप तपासण्याची आणि मास्क काढण्याची रीत छापावी. आणि तुमच्या प्रश्नावलीतून 'श्वास जास्त घेता का' हा प्रश्न वगळावा. १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी दोन्ही चित्रणे, झडपेची छायाचित्रे आणि संभाषणांच्या नोंदी घेऊन ग्राहक न्यायालयात जाईन. तिथे मला दाढी आहे का, हे कोणी विचारणार नाही अशी आशा आहे.

या पत्रासोबत सदोष मास्क, न उघडलेला दुसरा मास्क, खरेदीची पावती आणि वाफरोधक फवाऱ्याच्या दोन सीलबंद बाटल्या पाठवत आहे. तिसरी पोहोचली की तीही परत पाठवीन.

तुमची ग्राहक,
(चारही तक्रार क्रमांक पाकिटावर लिहिले आहेत.)