जाहिरातीवर आता माझा नंबर आहे

पुणे

तीर्थरूप आई आणि बाबांस,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

नव्या फ्लॅटमध्ये जाण्याआधी आपण विकायला काढलेल्या कपाट, झोपाळा आणि स्कूटर यांच्या ऑनलाइन जाहिरातींवरचा बाबांचा मोबाइल नंबर मी काल रात्री काढून टाकला आहे आणि त्या जागी माझा घातला आहे. यापुढे वस्तूंबद्दल जो कोणी फोन करील तो मला करील, आणि ज्याच्याशी बोलून माझे समाधान होईल त्यालाच मी शिवाजी पेठेतल्या घराचा पत्ता देईन. हे फोनवर सांगितले असते, तर "मला एवढेही समजत नाही असे वाटते का तुला" या प्रश्नापासून सुरुवात झाली असती आणि कपाट बाजूला राहून आपण भलत्याच गोष्टीवर बोलत बसलो असतो. म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहे. बाबा, कृपा करून शेवटपर्यंत वाचा, आणि आईलाही मोठ्याने वाचून दाखवा.

तुमच्या हुशारीबद्दल मला कधीच शंका नव्हती. रद्दीवाला दारात आला की त्याच्या तराजूच्या पारड्याखाली वाकून हात फिरवणारे, आणि मलाही शेजारी बसवून "काटा मधोमध येईपर्यंत बोलायचे नाही" असे शिकवणारे बाबा मला चांगले आठवतात. पण रद्दीवाला समोर होता, त्याचा तराजू समोर होता. फोनवरच्या माणसाच्या बाबतीत हात फिरवायला काहीच नसते. असतो तो फक्त त्याचा आवाज. आणि समोरच्याने "साहेब, आमच्यावर विश्वास नाही का?" एवढे म्हटले की तुमचा स्वर मऊ होतो, हे आपल्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मला काळजी तुमच्या या सौजन्याची वाटते, कारण फोनवरून फसवणारे लोक नेमके त्याच्यावरच जगतात.

रविवारी तुम्ही ज्या गिऱ्हाइकाबद्दल इतक्या कौतुकाने सांगितलेत, त्याच्याविषयी मी दोन दिवस काही बोलले नाही, कारण तुमचा उत्साह मोडावासा वाटला नाही. आता बोलते. आपण लष्करात आहोत, कोल्हापुरातच टेंबलाईला नेमणूक आहे, कुटुंब क्वार्टरमध्ये येणार असल्यामुळे कपाट तातडीने हवे आहे, असे त्याने सांगितले. ओळखपत्राचा फोटो पाठवला. बारा हजार ही किंमत एका शब्दात मान्य केली. सामान न्यायला छोटा हत्ती पाठवतो म्हणाला, आणि आगाऊ रक्कम घेण्यासाठी क्यूआर कोड पाठवून तो तुम्हाला स्कॅन करायला सांगितला. तुम्ही "मुलीशी बोलून सांगतो" म्हणून फोन ठेवलात, हे फार उत्तम केलेत. तो माणूस गिऱ्हाईक नव्हता.

आपल्या जिल्ह्यात ही बतावणी इतरांपेक्षा जास्त खपते, असे मला वाटते. टेंबलाईवर प्रादेशिक सेनेची बटालियन खरोखरच आहे, शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीसारख्या गावाने पिढ्यान्‌पिढ्या पोरे सैन्यात पाठवली आहेत, आपल्याच गल्लीत दोन निवृत्त सुभेदार आहेत. त्यामुळे सैनिकाचे नाव निघाले की आपण आधी खुर्ची पुढे सरकवतो आणि मग विचारपूस करतो. हे त्या चोरट्यांनाही माहीत असते. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये आर्थिक फसवणुकीच्या प्रकारांची जी पुस्तिका काढली, तिच्यातही ऑनलाइन विक्रीतले ठग स्वतःला लष्करी सेवेतले म्हणवून घेतात असे स्पष्ट लिहिले आहे. आणि ते ओळखपत्र खोटेच असेल असेही नाही. ते एखाद्या खऱ्या जवानाचेही असू शकते, ज्याच्याकडून अशाच कोणत्यातरी व्यवहारात "विश्वासासाठी" म्हणून ते मागून घेतले गेले असेल. म्हणूनच तुमच्या आधार कार्डाचा किंवा स्कूटरच्या आरसी बुकाचा फोटो कोणी व्हॉट्सॲपवर मागितला तर मुळीच पाठवू नका. नाहीतर उद्या नाशिकच्या कोण्या आजोबांना तुमचाच फोटो दाखवून "मी कोल्हापूरचा निवृत्त माणूस आहे, माझ्यावर विश्वास ठेवा" असे सांगितले जाईल.

खरे सांगायचे तर ओळखपत्राच्याही आधी मला खटकले ते त्याचे घासाघीस न करणे. लक्ष्मीपुरीच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठी आई भाजीवालीला तीनदा पाठ दाखवून परत येते, आणि इथे बारा हजारांचे वापरलेले लोखंडी कपाट न पाहता कोणी पूर्ण किमतीला घेतो? ज्याला खरोखर कपाट हवे असते तो विचारतो की उंची किती आहे, माझ्या जिन्यातून वर जाईल का, आतले लॉकर चालते का, आरसा फुटलेला तर नाही ना. ज्याला तुमचे खाते हवे असते तो यातले काहीच विचारत नाही, फक्त "कोणते ॲप वापरता?" असे विचारतो. शिवाय टेंबलाई काही सियाचीन नव्हे; रिक्षाने अर्ध्या तासाच्या आत येऊन कपाट पाहून, आईच्या हातचा चहा पिऊन जाता येते. ज्याला एवढी सवड नाही त्याला छोटा हत्ती पाठवायची सवड कुठून मिळते?

आता त्या क्यूआर कोडबद्दल, कारण सगळी खोच तिथेच आहे. क्यूआर कोड स्कॅन केला की पैसे जातात, येत नाहीत. तुम्ही गंगावेशीत दुकानदाराचा कोड स्कॅन करता तेव्हा पैसे त्याला मिळतात. गिऱ्हाइकाने पाठवलेला कोड तुम्ही स्कॅन केलात तर त्याच नियमाने ते त्यालाच मिळतील. पिनचेही तसेच आहे. बँकेत कोणाच्याही खात्यात पैसे भरायचे असतील तर सही जुळवून पाहत नाहीत, पण काढण्याच्या स्लिपेवरची सही मात्र नमुन्याशी ताडून पाहतात. यूपीआयचा पिन म्हणजे ती काढण्याच्या स्लिपेवरची सही आहे. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासलेल्या माणसाला याहून जास्त समजावण्याची गरज नाही. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, कधीच लागत नाही, आणि पिन टाकण्याच्या पडद्यावर कोणाला किती रुपये जाणार हेही लिहिलेले असते. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्हाला अजून बारीक अक्षरे नीट दिसत नाहीत, म्हणून मागच्या खेपेला मी अक्षरे मोठी करून दिली होती. ती पुन्हा लहान करू नका.

याच्या पुढची पायरीही सांगून ठेवते, कारण मोठी रक्कम मागण्याआधी हे लोक लहान रकमेने मन जिंकतात. "तुम्ही पाच रुपये पाठवून बघा, मी दहा परत पाठवतो" असे म्हणतात, दहा रुपये खरेच येतात, आपल्याला वाटते की व्यवस्था चोख आहे, आणि मग बारा हजारांचा कोड येतो. दुसरा डाव याच्या उलट असतो. बँकेकडून आल्यासारखा दिसणारा मेसेज येतो की तुमच्या खात्यात एकवीस हजार जमा झाले, आणि पाठोपाठ रडवेल्या आवाजात फोन येतो की आकडा चुकला, मुलगा दवाखान्यात आहे, वरचे नऊ हजार तेवढे लगेच परत करा. आई, या दुसऱ्या डावात तू सापडशील अशी मला जास्त धास्ती आहे, कारण दवाखाना म्हटले की तुझा जीव वरखाली होतो. असा मेसेज दहा आकडी साध्या मोबाइल नंबरावरून आला असेल तर तो बँकेचा नव्हेच, पण नाव बँकेचे दिसले तरी त्यावर जाऊ नका. ॲपमध्ये शिल्लक बघा किंवा पासबुक भरून आणा. आणि समजा पैसे खरोखर चुकून आलेच असतील, तर ज्याचे आहेत त्याने त्याच्या बँकेत अर्ज करावा. ते परत करणे बँकेचे काम आहे, तुमचे नाही.

तुमच्या त्या मित्रांनी सांगितले की पैसे मागण्याची "रिक्वेस्ट" आता येतच नाही, म्हणजे धोका संपला. त्यांचे अर्धे खरे आहे. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून पैसे मागण्याची ती सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली आहे, आणि ते चांगलेच झाले. पण क्यूआर कोड राहिले, लिंक राहिल्या, खोटे स्क्रीनशॉट राहिले, आणि "मी तुम्हाला मदत करतो, तेवढे एक ॲप टाकून घ्या" म्हणणारेही राहिले. ते ॲप टाकले की तुमचा पडदा त्याला त्याच्या घरी दिसू लागतो. तेव्हा कोणी पाठवलेले ॲप टाकायचे नाही, आणि व्हिडिओ कॉलवर पडदा दाखवायचा नाही, मग तो कितीही गोड बोलो.

म्हणून पुढे काय करायचे ते मी ठरवले आहे. शनिवारी मी कोल्हापूरला येते. बाबांच्या पेन्शनच्या खात्यावरचे यूपीआय आपण बंद करू आणि ते आईच्या त्या दुसऱ्या खात्यावर घेऊ, जिथे भिशीचे पैसे येतात आणि एरवी फारसे काही नसते. यात बाबांचा अधिकार काढून घेण्याचा प्रश्न नाही. पेन्शनचे पासबुक, चेकबुक, सगळे तुमच्याकडेच राहील. फक्त महिन्याची औषधे, गॅस आणि दूध ज्या पैशांवर चालते त्याला कोणाचा फोनवरून हात लागू नये, एवढेच मला हवे आहे. तसेही भाव ठरवण्याचे काम आईकडे दिले तर आपल्याला चार पैसे जास्तच मिळतील, हे बाबाही मान्य करतील.

वस्तू पाहायला जे येतील ते रविवारी सकाळी दहा ते एक या वेळात, मी घरात असताना येतील, आणि शेजारच्या काकांना मी खाली बसायला सांगितले आहे. रोख रक्कम दिली तर बाबा नोटा मोजतील, कारण ते काम त्यांच्याइतके चोख कोणालाच जमत नाही. स्कूटरचे थोडे वेगळे आहे. गाडी दुसऱ्याच्या नावावर करण्याचे फॉर्म २९ आणि ३० पूर्ण भरून, ३० वर घेणाऱ्याची सही झाल्याशिवाय आणि त्याच्या ओळखपत्राची मूळ प्रत आपण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चावी द्यायची नाही, आणि विक्री झाल्यावर चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवायचे. नावावर गाडी तुमची राहिली आणि ती कोणी कुठे आपटली, तर पोलीस पहिल्यांदा तुमच्याच दारात येतील. कोरे फॉर्म सही करून देण्याची जुनी पद्धत आता पुरे झाली, बाबा.

जाहिरातीतले दोन फोटोही मी बदलले आहेत. झोपाळ्याच्या मागे भिंतीवर लाइट बिल अडकवलेले होते आणि त्यावरचे नाव-पत्ता मोठे करून पाहिले की वाचता येत होते.

आणि एवढे करूनही कधी एखादा रुपया गेलाच, तर माझ्यापासून लपवू नका. मी रागावेन ही भीती मनात ठेवून रात्र काढू नका, कारण अशा वेळी एकेक तास मोलाचा असतो. लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या नंबरावर फोन करायचा, पासबुकावर छापलेल्या नंबरावर बँकेला कळवायचे (गुगलवर शोधलेल्या नंबरावर नव्हे, तिथेही हेच लोक बसलेले असतात), आणि मग जुना राजवाडा पोलीस ठाण्यात जायचे, ते तर चालत जाण्यासारखे आहे. लवकर कळवले तर पुढच्या खात्यात पोहोचलेली रक्कम गोठवता येते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार खातेदाराने स्वतःच पिन वगैरे दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे त्यालाच सोसावे लागते; कळवल्यानंतरचे मात्र बँकेच्या अंगावर येते. म्हणून आधी फोन, मग पश्चात्ताप.

नव्या फ्लॅटबद्दल आईच्या मनात जी धाकधूक आहे ती मला कळते. पण तळमजला आहे, जिना नाही, तुझे गुडघे तरी तुला दुवा देतील. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सकाळचे ऊन येते, तुळस तिथेच ठेवू. बाबा कट्ट्यावर जाऊन आणतात त्या दुधात खंड पडणार नाही, रोज सकाळी आणून देणारा मुलगा मी बघून ठेवला आहे, आणि कधी स्वतः जावेसे वाटले तर दाराशी रिक्षा मिळते. झोपाळा तिथल्या छताला बसत नाही, नाहीतर तो मी विकू दिलाच नसता. त्यावर बसून तुझ्या मांडीवर डोके ठेवून मी पाढे म्हटले आहेत. त्याच्या पितळी कड्या मात्र गिऱ्हाइकाला द्यायच्या नाहीत, तसे जाहिरातीत लिहिले आहे. तुझी शिलाई मशीन तर मी जाहिरातीत घातलीच नव्हती, आणि घालणारही नाही. तिची जागा तुझ्या खोलीत खिडकीशी आहे, मी टेपने मोजून घेतली आहे.

शनिवारपर्यंत अनोळखी नंबरावरून जुन्या जाहिरातीसाठी कोणी फोन केलाच, तर "मुलीशी बोला" एवढेच सांगून ठेवून द्या. नंबरही देऊ नका, तो जाहिरातीवर आहे. बाबा, बीपीची गोळी सकाळी नाश्त्यानंतर, चहाबरोबर नव्हे. आई, कपाटातल्या साड्या तू एकटीने खाली उतरवू नकोस, मी आल्यावर काढू. लॉकरची दुसरी किल्ली सापडत नव्हती ती देवघराच्या खणात बघून ठेवा, कारण घेणारा पहिला प्रश्न तिचाच विचारणार आहे.

आपली,
नंदा