कपाळावर राख आणि तोंडात भांडण

संपादक महोदय,

मागे एका वाचकाने लिहिलं होतं की ख्रिस्ती लोकांचं बरंय, आठवडाभर पाप करायचं आणि रविवारी फादरकडे जाऊन मोकळं व्हायचं. तसं नसतं हो. मी वसईचा, यंदा राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो आणि चर्चमध्ये कपाळावर राख लावतात त्या दिवशी, ठरवलं की चाळीस दिवस कोणावर ओरडायचं नाही, आणि चर्चमधून स्टेशनला पोचेपर्यंत सुट्ट्या दहा रुपयांवरून रिक्षावाल्याशी कडाक्याचं भांडलो, कपाळावरची राखपण पुसली नव्हती!

बायबलमधल्या संत पौलाचंही तेच रडगाणं, त्याच्या रोमकरांस पत्राचा ७ वा अध्याय काढून बघा, चांगलं करायचंय ते होत नाही, नको तेच हातून होतं. तो नियमशास्त्राला, म्हणजे देवाने दिलेल्या आज्ञांना, दोष देत नाही, उलट लोभ धरू नको ही आज्ञा नसती तर लोभ कळलाच नसता म्हणतो. पण आज्ञा चूक दाखवते, ती पाळायचं बळ देत नाही, ते देवाच्या कृपेनेच मिळतं. आणि पापनिवेदनाचं, म्हणजे फादरकडे पाप कबूल करण्याचं, म्हणाल तर मनापासून पश्चात्ताप आणि पुन्हा न करायचा निश्चय नसेल तर फादरने क्षमा उच्चारूनही उपयोग नाही.

रिक्षावाला अजून सापडला नाही, दहाची नोट खिशात ठेवलीय.

– एक वाचक, वसई