सरांचा निरोप समारंभ : रविवारी सकाळी ९ वाजता

नमस्कार मंडळी,

आपले उद्यानविद्येचे सर या महिनाअखेर निवृत्त होत आहेत. आधी धुळ्याचं कृषी महाविद्यालय, मग जळगावचं केळी संशोधन केंद्र, पण सरांचा खरा वर्ग भरला तो बांधावर. केळीवर हरण्या हा विषाणूजन्य रोग आला, त्या वर्षी भर पावसात ते आमच्या बागेत आले होते. पिवळे चट्टे पडलेलं पान उजेडाकडे धरून म्हणाले, "हे झाड आजच उपटा, कंदासकट. आणि बागेत काकडी, भोपळा लावू नका, रोग पसरवणारी मावा कीड तिथूनच येते." झाडं उपटताना जीव तुटत होता, पण बाकीची बाग वाचली. हे ऋण आहे.

कार्यक्रम रावेरला, शिवारफेरी झाली होती त्याच मळ्यात. बाराच्या आत सरांचं शेवटचं व्याख्यान होईल, विषय कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेल्या केळीबागेची, थंडीतली निगा. नंतर भरीत आणि कळण्याची भाकरी.

- वर्गणी माणशी २०० रुपये, गुरुवारपर्यंत खजिनदारांकडे द्या. जेवणाचा अंदाज त्यावरच आहे.
- हार, शाल, नारळ आणू नका. सरांनी स्वतः बजावलंय. त्याऐवजी त्यांच्यामुळे बागेत काय बदललं, ते एका कागदावर लिहून आणा. त्या कागदांची वही बांधून त्यांना देऊ.
- रोगट पान किंवा कंद मळ्यात आणायचा नाही. प्रश्न असेल तर फोटो दाखवा.

जुने विद्यार्थी गटात नसतील तर त्यांना कळवा. घरच्या बायाबापड्यांनाही घेऊन या, मुनवे (केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिल्लं) काढायला सरांनी त्यांनाच आधी शिकवलं होतं.