लोडरच्या टायरचा दावा न तपासता नाकारल्याबद्दल तक्रार

दि. १८ जुलै २०२५
अंबाजोगाई, जि. बीड

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग,
टायर कंपनीचे विभागीय कार्यालय, छत्रपती संभाजीनगर

विषय: व्हील लोडरच्या पुढच्या डाव्या टायरचा (२०.५-२५, १६ प्लाय, एल-३, ट्यूबलेस) वॉरंटीचा दावा कमी हवेचे कारण देऊन अमान्य केल्याबाबत.

महोदय,

तुमचे पत्र ३० जूनला मिळाले. त्यात कारणाची एकच ओळ आहे: टायर कमी हवेवर चालवल्यामुळे प्लाय (टायरच्या आतला दोऱ्यांचा थर) सुटला, सबब दावा अमान्य. तुमचे तपासणीचे साहेब लातूरच्या विक्रेत्याकडे आले तेव्हा मी आणि माझे पती तिथे हजर होतो. साहेबांनी टायरचे बाहेरून चार फोटो काढले, टायरला आलेल्या फुगवट्यावर बोट दाबून पाहिले आणि दहा मिनिटांत फॉर्म भरला. टायर रिमवरून उतरवलेला होता, तरी आत बॅटरीचा उजेड टाकून कुणी पाहिले नाही. मी टायरच्या हवेच्या रोजच्या नोंदींची वही पुढे केली तर म्हणाले, "ताई, अशी वही एका रात्रीत घरी बसून लिहिता येते." दाव्याचे पैसे मला हवेतच. पण हे वाक्य मला जास्त लागले आहे, म्हणून आधी वहीबद्दल लिहिते.

आमचा लोडर बालाघाटच्या डोंगरातल्या एका खडी क्रशरवर रोजंदारीने चालतो. चालवतात माझे पती, हिशेब मी बघते. सासू-सासऱ्यांनी कोयता घेऊन वीस हंगाम कारखान्यांवर काढले. माझे पती लोडर चालवायला शिकले आणि आम्ही जुने मशीन कर्जावर घेतले, तेव्हा आमच्या घरातला कोयता खाली ठेवला गेला. डिझेल आणि हप्ता यांच्यानंतर आमचा सगळ्यात मोठा खर्च टायरचा. काळ्या पाषाणाची खडी म्हणजे पात्यासारख्या धारेची. तिच्यावर टायर हलगर्जीपणाने चालवला तर वर्षही काढत नाही, हे आम्ही पहिल्या जोडीवर शिकलो. दुसऱ्या जोडीपासून वही सुरू केली. ती जोडी २,७०० तास चालली.

वहीत रोज सकाळची नोंद आहे. हवा गार टायरची मोजायची असते, म्हणून पती मशीन सुरू करण्याआधी गेज लावतात आणि चारही चाकांचे आकडे मला फोनवर सांगतात. तुमच्या तक्त्याप्रमाणे पुढच्या चाकांना ५० पौंड. दुपारी उन्हात काम करताना हाच आकडा ५७-५८ वर जातो. तो कामाच्या उष्णतेने वाढलेला असतो, त्याला हात लावायचा नसतो. गरम टायरची हवा काढून ५० वर आणली की गार झाल्यावर ती ४३-४४ वर येते, आणि दुसऱ्या दिवशी टायर खरोखरच कमी हवेवर चालतो. बाजूची भिंत दर फेऱ्याला जास्त वाकते, आत उष्णता साठते, प्लाय एकमेकांपासून सुटायला लागतात. हे मला माहीत आहे. तुमच्या पत्रातल्या कारणाचा अर्थ मला कळतो, म्हणूनच ते मला मान्य नाही.

१२ मार्चची नोंद तुम्ही जरूर पाहा. त्या सकाळी डाव्या पुढच्या चाकात ४४ पौंड हवा होती. आदल्या दुपारी क्रशरवरच्या नव्या पोराने गेजवर ५७ पाहिले आणि हवा जास्त झाली समजून काढून टाकली होती. मशीन सुरू करण्याआधी हवा भरली, ५० केली, आणि त्या पोराला कॉम्प्रेसरच्या नळीला हात लावू नको म्हणून सांगितले. हे सगळे त्याच तारखेला तिथेच लिहिलेले आहे. वही घरी बसून रचली असती तर तुमच्या हातात कोलीत देणारी ही नोंद मी कशाला ठेवली असती? साडेचार महिन्यांत एवढा एकच दिवस असा आहे. बाकी आकडे ४८ ते ५१ च्या मध्ये आहेत. रविवारी किंवा सणाला मशीन उभे होते तिथे रकाना कोरा आहे, काही ओळी माझ्या मुलाच्या अक्षरात आहेत, एका पानावर चहाचा डाग आहे. पहिल्या जोडीनंतरची सगळी पाने एकाच वहीत सलग आहेत. मूळ वही आमच्या घरी आहे, तुमच्या माणसाने येऊन कधीही पाहावी.

आता टायरबद्दल. ६ जानेवारीला लातूरच्या तुमच्या अधिकृत विक्रेत्याकडून आम्ही पुढच्या चाकांची जोडी घेतली. दोन टायरांचे १,३२,००० रुपये झाले. १९ मे रोजी, १,०४३ तासांनंतर, दुपारी बकेट भरून मागे येताना मशीन लचकतेय असे ह्यांना वाटले. उतरून पाहिले तर डाव्या चाकाच्या खांद्याला (नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते तिथे), आतल्या अंगाने, भाकरीएवढा फुगवटा आलेला. त्यांनी बकेट जमिनीला टेकवली, इंजिन बंद केले, आजूबाजूच्या माणसांना लांब केले आणि टायर पूर्ण गार होईपर्यंत कुणाला जवळ येऊ दिले नाही. फुगलेला गरम टायर फुटला तर माणूस जातो. हवा दुसऱ्या दिवशी सकाळी काढली.

त्या टायरवर मी स्वतः हात फिरवला आहे. फुगवट्याच्या जागी बाहेरून एकही काप नाही. टायर कमी हवेवर चालला असता तर त्याचे दोन्ही खांदे मधल्या भागापेक्षा जास्त झिजले असते. आतल्या अस्तरावर भिंतीला गोल फिरणाऱ्या सुरकुत्या पडल्या असत्या, तिथला रबर काळपट-निळसर होऊन त्याचा भुगा आत साठला असता, आणि हे सगळे चाकाच्या पूर्ण घेरावर दिसले असते. आमच्या टायरच्या नक्षीची खोली मध्ये २१ मिलिमीटर आणि दोन्ही खांद्यांना २१ व २० मिलिमीटर आहे. आतून अस्तर स्वच्छ आहे, भुगा नाही, सुरकुती नाही. बिघाड एका बाजूला, एका जागी, वीतभर रुंदीचा आहे. असा एकाच ठिकाणचा बिघाड सगळ्या घेराला सारखीच मिळणाऱ्या हवेमुळे कसा झाला, याचे उत्तर तुमच्या पत्रात नाही. त्याच ॲक्सलवरचा उजवा टायर, तीच हवा, तेच काम, तोच चालक, आजही धडधाकट चालू आहे.

या दोन टायरांत फरक कुठे आहे ते मला पिकअपमध्ये टायर चढवताना कळले. चिखल पुसून बाजूच्या अक्षरांवर खडू घासला तेव्हा डाव्या टायरवर चार आकडे उमटले, १०२२. नंतर क्रशरवर जाऊन उजव्यावर खडू घासला तर तिथे ४१२४. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे डावा टायर २०२२ सालच्या दहाव्या आठवड्यातला, मार्चमधला, आणि उजवा २०२४ च्या ऑक्टोबरमधला. जोडी म्हणून आम्हाला विकलेल्या दोन टायरांत अडीच वर्षांहून जास्त अंतर आहे. बिलावर याचा उल्लेख नाही.

जुना टायर म्हणजे खराबच टायर, असे मी म्हणत नाही. सावलीत, कोरड्या जागी, उभा ठेवलेला टायर टिकतो. पण आमचा टायर विक्रेत्याच्या आवारात उघड्यावर आडव्या थप्पीतून काढला होता. तो उभा केला तेव्हा आतून गढूळ पाणी सांडले, आणि जानेवारीत लातुरात पाऊस नव्हता. फिटरने फडक्याने आतून पुसला आणि चढवला. निदान एक पावसाळा, कदाचित त्याहून जास्त, त्या टायरात पाणी साचून होते आणि वरून मराठवाड्याचे ऊन होते. ऊन रबराला कोरडे करते, आत मुरलेला ओलावा प्लायच्या दोऱ्यापर्यंत जाऊ शकतो. त्या दिवशी आम्ही तिथेच टायर बदलून मागायला हवा होता. विक्रेता म्हणाला, "काही होत नाही," आणि आम्ही तुमच्या नावावर विश्वास ठेवला.

तुमचे साहेब "क्रशरवर टायर असेच जातात" असेही म्हणाले. क्रशरवर टायर कशाने जातात आणि कशाने वाचतात ते त्यांना आमच्या जागेवर दाखवायला ह्यांना आवडेल. सकाळी पहिला अर्धा तास हे बकेटच्या पात्याने स्वतःची वाट आणि ढिगापुढची जमीन साफ करतात, कारण टायर जास्त करून बकेटमधून सांडलेल्या आपल्याच दगडावर कापला जातो. ढिगात सरळ शिरतात, बकेट किंचित उचलून पुढच्या चाकांवर वजन आणतात आणि चाक जागेवर फिरू देत नाहीत. चाक एकदा दगडावर फिरले की नक्षीचे तुकडे उडतात. मशीन उभे असताना स्टिअरिंग वळवत नाहीत. जास्त माल यावा म्हणून बकेटला वरून पत्रे जोडण्याचा आग्रह क्रशरवाल्याने दोनदा केला, आम्ही दोन्ही वेळा नाही म्हटले आणि रोजातले दोनशे रुपये सोडले. दुसऱ्या कामावर जायचे असेल तर लोडर डांबरी रस्त्याने पळवत नेत नाही, ट्रेलरवर नेतो. हळू कामासाठी केलेला टायर लांब अंतर वेगाने पळवला तर आतून तापतो.

यंदा मे महिन्यातच पाऊस झाला तेव्हा ह्यांनी ढिगापुढे साचलेले पाणी चर खणून काढले. ओला रबर कोरड्यापेक्षा फार सहज कापला जातो. चप्पल शिवणारे काका रबर कापण्याआधी रापी पाण्यात बुडवतात, ते याचसाठी. एवढी काळजी घेणाऱ्या माणसाला तुम्ही एका ओळीत हलगर्जी ठरवले आहे.

तुमच्या विक्रेत्याने असेही सुचवले की मशीन धंद्याचे आहे, म्हणून ग्राहक म्हणून आम्हाला कुठे जाता येणार नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चे कलम २(७) मी वाचून घेतले आहे. स्वयंरोजगारातून स्वतःचे पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही, असे त्याच्या स्पष्टीकरणात लिहिले आहे. आमच्याकडे एकच मशीन आहे आणि ते माझे पती स्वतः चालवतात. आम्ही राहतो त्या जिल्ह्याच्या, म्हणजे बीडच्या आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही. तिथे जायची वेळ येऊ नये असे मला मनापासून वाटते, कारण तारखेला जायचे म्हणजे त्या दिवसाचे काम बुडते.

माझ्या मागण्या अशा. तुमच्या कारखान्यातला किंवा तांत्रिक विभागाचा माणूस पाठवा आणि फुगवट्याची जागा आमच्यासमोर कापून आतले थर दाखवा. जे दिसेल ते मराठीत लेखी द्या. हवेचा तक्ता आणि वॉरंटीचा कागद आम्हाला इंग्रजीतच मिळाला होता, तो मी मुलाकडून समजून घेतला. टायरमध्ये किंवा साठवणीत दोष निघाला तर तुमच्याच कागदाप्रमाणे उरलेल्या नक्षीच्या हिशेबाने भरपाई द्या: नवी नक्षी आम्ही चढवताना मोजली ती २८ मिलिमीटर, उरली २१, म्हणजे पाऊण टायर शिल्लक आहे. ६६,००० रुपयांचे पाऊण ४९,५०० होतात. मशीन नऊ दिवस उभे राहिले, क्रशरवाल्याने दुसरा लोडर लावला आणि जुना टायर घेऊन आम्ही काम पुन्हा सुरू केले, तो तोटा मी या पत्रात मागत नाही. कापल्यावर दोष आमचाच निघाला, तर तेही लेखी द्या. मी ते वहीत चिकटवीन आणि पुढच्या जोडीला ती चूक होऊ देणार नाही.

बिल, तुमचे ३० जूनचे पत्र, दोन्ही टायरांच्या आकड्यांचे फोटो, आतल्या अस्तराचे फोटो आणि ६ जानेवारी ते १९ मे या काळातल्या वहीच्या पानांच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत. टायर अजून लातूरला विक्रेत्याच्या आवारातच आहे, पुन्हा उघड्यावर. तपासणी होईपर्यंत तो भंगारात देऊ नये आणि आजच आडोशाला, उभा ठेवावा, अशा लेखी सूचना विक्रेत्याला द्याव्यात. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत तपासणीची तारीख कळवा. सोमवार सोडून कोणताही दिवस चालेल, सोमवारी हे मशीनला ग्रीस मारतात.

आपली ग्राहक,
लोडरमालकीण, ता. अंबाजोगाई, जि. बीड