मांडवी पुलांवर आधी सांधे, मग डांबर

संपादक महोदय,

पावसाळा तोंडावर आला की पणजीत मांडवी नदीवरच्या दोन जुन्या पुलांच्या खड्ड्यांची ओरड सुरू होते आणि घाईघाईने डांबर पडते. पण पुलाचे खरे दुखणे असते गाळ्यांमधल्या (खांबाखांबांवर टेकलेल्या पुलाच्या तुकड्यांमधल्या) सांध्यात.

काँक्रीट उन्हाने लांबते. शंभर मीटर सलग भाग 20 अंशांनी तापला तर सुमारे 24 मिलिमीटर वाढतो. त्यासाठी सांधा मोकळा ठेवतात आणि पाणी खाली उतरू नये म्हणून त्यात रबरी पट्टी बसवतात. या पट्टीत खडी-वाळू दाटली की सांधा मिटताना खडे रबर फाडतात. मग पाणी थेट गर्डरच्या (पूल तोलणाऱ्या तुळईच्या) टोकांवर, ती जिच्यावर टेकते त्या बेअरिंगवर आणि खांबाच्या माथ्यावर उतरते. गर्डरमधल्या ताणलेल्या पोलादी केबली पकडून ठेवणारे अँकर बहुधा याच टोकांना असतात. त्यात पणजीजवळची मांडवी म्हणजे खाडीच. खाऱ्या हवेतले क्लोराइड ओलाव्याबरोबर पोलादापर्यंत गेले की गंज आतल्या आत वाढतो. 5 जुलै 1986 रोजी मांडवीवरचा पहिला नेहरू पूल कोसळला तो केबली गंजूनच. बांधून वीस वर्षेही झाली नव्हती. पुढे पणजी-बेती फेरीबोटीवर किती ताण पडला, हे जुन्या पणजीकरांना सांगायला नको.

जुन्या थरावर नवा थर चढवणे तर दुहेरी नुकसान. 25 मिलिमीटर डांबराचे वजन चौरस मीटरला साधारण 60 किलो; साडेसात मीटर रुंद पुलावर शंभर मीटरला 45 टन कायमचे ओझे. शिवाय कडेच्या निचऱ्याच्या जाळ्या खड्ड्यात जातात, गाळाने बुजतात.

म्हणून मे महिन्यात आधी कठड्यालगतची माती झाडून उचलावी (खाली नदीत लोटू नये), निचऱ्याचे नळ सळईने मोकळे करावेत, सांधे हवेच्या दाबाने साफ करावेत. नंतर सांध्यावर टँकरने अर्धा तास पाणी सोडून होडीतून बॅटरीच्या उजेडात खालून पाहावे. ओल दिसली तर पट्टी बदलावी, वरून डांबर ओतून सांधा बुजवू नये. थर बदलायचाच तर जुना आधी यंत्राने खरवडून काढावा. काम रात्री, एकेक मार्गिका बंद ठेवून करावे. मांडवीवरच्या तिसऱ्या पुलावर, अटल सेतूवर, दुचाकींना बंदी असल्याने पूर्ण पूल बंद करणे परवडणारे नाही.

आणि निविदेत सांधेसफाईची बाब वेगळी दाखवून बिलासोबत प्रत्येक सांध्याचे क्रमांकासह छायाचित्र मागावे. डांबराच्या दरात ती गुंडाळली की कोणी करत नाही.

— एक स्थापत्य अभियंता, पर्वरी